शेव सरकते, पोळी अडकते

मंडळी, दिवाळीनंतर मला एकाच विषयावर चार फोन आले. एक देवासहून, एक उज्जैनहून, दोन इथलेच, इंदूरचे. सगळ्या जणी आधी तब्येतीची चौकशी करतात, मग मुलांची, मग थंडीची, आणि फोन ठेवायच्या बेताला आल्या की आवाज खाली आणून विचारतात, "तुमचं ते पोटाचं ऑपरेशन झालं होतं ना, ते कसं असतं हो?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

ऑपरेशन २००९ सालचं. तेव्हा माझं वय ३६, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन १०८ किलो. साखरेच्या दोन गोळ्या, बी.पी.ची एक. रात्री झोपेत श्वास अडकायचा, मी दचकून उठायची आणि सकाळी शाळेत फळ्यापुढे उभ्या उभ्या डुलकी यायची. घोरणं असं की हे उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तो जिना चढताना मध्ये थांबून मी नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करायची. त्या बोर्डावरच्या सूचना मला तोंडपाठ होत्या. आधी काय काय केलं ते विचारू नका. दुधीचा रस, मेथ्या, नेहरू पार्कच्या फेऱ्या, आहारतज्ज्ञ, सगळं झालं. दहा किलो जायचे, बारा परत यायचे.

बी.एम.आय. ४३ च्या वर होता. त्या वेळच्या हिशेबाने आपल्याकडच्या लोकांसाठी ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर, ऑपरेशनचा विचार व्हायचा. आता निकष आणखी खाली आले आहेत. म्हणजे माझ्या बाबतीत "करावं का" हा प्रश्नच नव्हता, प्रश्न "कोणतं" हा होता. त्या काळात बँडचा बोलबाला होता. दुर्बिणीतून तो बसवायला बेल्जियममध्ये १९९३ साली सुरुवात झाली, अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली. काही कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, नको झाला तर काढता येतो. घाबरट माणसाला हे पटतं. मला पटलं. विम्याने हात वर केले, मग ह्यांनी एफ.डी. मोडली.

बँड म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं पोट शिवून टाकतात. जठराच्या अगदी वरच्या भागाला सिलिकॉनचं एक कडं घालतात. कड्याच्या वर लहानशी पिशवी तयार होते, एखादा चमचा-दोन चमचे मावेल एवढी. कड्याला आतून फुगा असतो, फुग्याला नळी, आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका चकतीला. तिला पोर्ट म्हणतात. माझा डाव्या बाजूला आहे, हात लावला की सुपारीसारखा लागतो. डॉक्टर बाहेरून त्यात सुई घालून सलाइन भरतात, की बँड कसतो. काढलं की ढिला होतो. भूक पुसून टाकणारी जादू वगैरे त्यात काही नाही. वरची पिशवी भरली की पोट भरल्यासारखं वाटतं आणि घास हळूहळू खाली जातो, एवढंच.

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं पातळ, म्हणजे यकृत आकसतं आणि दुर्बिणीला जागा मिळते. नंतर पुन्हा पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ, असं करत महिना-दीड महिना. पहिलं सलाइन भरायला मी पाच आठवड्यांनी मुंबईला गेले. मग पहिल्या दोन वर्षांत किती वेळा गेले ते अवंतिका एक्स्प्रेसला माहीत. संध्याकाळी इंदूरहून बसायचं, सकाळी मुंबई, दोन मिनिटांची सुई, पेलाभर पाणी पिऊन दाखवायचं, आणि रात्री परत. बरोबरचे प्रवासी पराठे सोडायचे, मी थर्मासमधलं मुगाचं कढण. कोणीतरी हमखास म्हणायचं, "दीदी, व्रत है क्या?" मी हो म्हणायची.

आता मुख्य गोष्ट, खाणं. इंदुरात राहून ती टाळता येत नाही.

बँड सकाळी जास्त घट्ट वाटतो. बहुतेकांचा अनुभव असाच असतो, डॉक्टरांनीही बजावलं होतं. म्हणजे या गावात, जिथे माणूस सात वाजता पोहे-जलेबीच्या गाडीवर उभा नसेल तर शेजारी तब्येत विचारायला येतात, तिथे मला दहा वाजेपर्यंत कोमट पाण्याशिवाय काही उतरत नाही. प्रवासात विमानात बसलं तरी आवळतो. त्यानंतर काय जातं आणि काय जात नाही याचा नियम पुस्तकात शोधू नका. मऊ, ताजी, घडीची पोळी अडकते. चावून चावून तिचा गोळा होतो आणि तो वरच बसतो. पाव तसाच. मोकळा भात अडकतो, वरणात कालवलेला गुरगुट्या जातो. साबुदाण्याची खिचडी, जिच्यासाठी लोक रात्री बाराला सराफ्यात जातात, ती तर डिंक. संत्र्याची फोड नाही, शेवग्याची शेंग नाही. पण कडक भाकरीचा पापुद्रा जातो. आणि शेव जाते! लसणाची, लवंगेची, रतलामी, सगळी. कुरकुरीत वस्तू तोंडात चुरा होऊन सरकते. डाएटिशियनला हे सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

त्यात खरी गोम आहे, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी हेच आधी सांगते. बँडला वस्तूचा आकार कळतो, तिच्यातलं तूप-साखर कळत नाही. पौष्टिक डाळ-भाजी-पोळीला तो दारात अडवतो, आणि बासुंदी, श्रीखंड, रबडी, आइस्क्रीम यांना सलाम करून आत सोडतो. पहिल्या दोन वर्षांत मी १०८ वरून ७९ वर आले. आज ८४ वर आहे. जास्तीच्या वजनातलं साधारण निम्मं जातं असं सांगितलं होतं, तसंच झालं. सिनेमातली नायिका झाले नाही. पण साखरेच्या दोन गोळ्यांची अर्धी झाली, ह्यांची उशी परत आली, आणि नोटीस बोर्डावर काय लिहिलंय ते मला आता माहीत नसतं.

केस गेले, चौथ्या महिन्यात मूठमूठभर, मग पुन्हा आले. दंडाची कातडी लोंबते ती लोंबतेच, माझे ब्लाउज अजून कोपरापर्यंत असतात. मोठ्या गोळ्या तोडून घ्याव्या लागतात. जेवताना पाणी नाही. आणि घास अडकला की काय होतं ते जेवताना वाचू नये असं आहे. छातीत खिळा ठोकल्यासारखं दुखतं, तोंडाला पाणी सुटत जातं, फेस येतो, आणि उठून मोरीकडे जावंच लागतं. बोलता येत नाही, पाण्याने सुटत नाही, उलट वाढतं.

आमच्या सासूबाईंना, सगळे त्यांना माई म्हणायचे, हे कधीच मान्य नव्हतं. ग्वाल्हेरचं माहेर, मोठं घर, पन्नास पानांची पंगत एकहाती वाढणारी बाई. "देवानं दिलेल्या पोटाला गाठ मारायची?" एवढं एकच वाक्य त्या ऑपरेशनच्या आधी बोलल्या. त्यांच्या घरात ताटात टाकायचं नाही हा कायदा, आणि आग्रह म्हणजे माया. मी वाटीभर खाऊन हात आवरला की त्यांना तो त्यांच्या हातच्या स्वयंपाकाचा अपमान वाटायचा. २०१० च्या गौरीजेवणात, सगळे नातेवाईक बसलेले असताना, माईंनी स्वतः येऊन माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. मी तुकडा तोडला. तिसऱ्या घासाला अडकलं. मी पानावरून उठले, सवाष्ण पानावरून उठली, आणि मागच्या मोरीतले आवाज माजघरापर्यंत आले. माई त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. नणंदेला म्हणाल्या, "अन्नाचा असा तिटकारा मी नाही बाई पाहिला." तिटकारा! मला त्या पुरणपोळीचा वास आजही येतो.

आठ वर्षं अशीच गेली. भांडण नाही, पण माझं पान वाढताना त्यांचा हात कोरडा असायचा. बाहेरचे लोक "शॉर्टकट मारला" म्हणायचे, त्यांचं मला काही वाटलं नाही. २०११ मध्ये नितीन गडकरींनी वजनाचं ऑपरेशन करून घेतल्याची बातमी आली, तेव्हापासून तेही थोडे गप्प झाले. घरातलं मात्र बोचायचं.

मग २०१८ मध्ये माईंना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, जीभही बरीच सुधारली, पण गिळणं बिघडलं. पातळ पाणी ठसका लावायचं, घन पदार्थ घशात थांबायचा. डॉक्टर म्हणाले, दाटसर, एकजीव, लहान घास, बसवून भरवायचं, घाई नाही. घरात सगळे भांबावले. मला मात्र त्यात नवीन काही नव्हतं. कोणत्या डाळीची साय चांगली येते, भोपळ्यात किती दूध घातलं की तो चमच्यावर धरतो, भात किती वाटला की चिकट होतो आणि किती वाटला की सरकतो, हे मला झोपेत येत होतं. मी दोघींचं एकत्रच करू लागले. माझी वाटी आणि त्यांची वाटी, तीच ती कोशिंबिरीची लहान वाटी.

एक दिवस दुपारी त्यांना वरणभात भरवत होते. एक घास थांबला. डोळे मोठे झाले, हात छातीवर गेला, तोंडातून लाळ येऊ लागली. मी पुढे वाकवलं, पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं नाही. मिनिटाभरात सुटलं. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग अडखळत म्हणाल्या, "तुला असंच होत होतं का गं?" मी हो म्हटलं. त्यांनी वाटी माझ्या बाजूला सरकवली. आधी तू घे, अशी खूण केली. त्यानंतर दोन वर्षं होत्या. रोज दुपारी आम्ही दोघी एकाच वेळी जेवायचो, पाऊण तास लागायचा, आणि कोणी कोणाला आग्रह करायचा नाही.

माझा बँड आता दमला आहे. २०२१ पासून रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, खोकला लागायचा. तपासणीत बँड जागचा थोडा सरकलेला आणि वरची पिशवी फुगलेली निघाली. असं होणं दुर्मीळ नाही. पुष्कळांचे बँड दहा-बारा वर्षांत काढावे लागले, आणि त्यामुळेच आज नव्याने फारसं कोणी तो बसवत नाही. माझं सगळं सलाइन काढून टाकलं आहे. सध्या तो नुसता गळ्यातल्या ताईतासारखा आहे. काढायचा आहेच, तारीख शाळेच्या परीक्षांनंतरची ठरेल. त्यानंतर दुसरं काही करायचं झालं तर स्लीव्ह नको, कारण त्याने आंबट पाण्याचा त्रास वाढू शकतो, बायपास बरा, असं इथल्या डॉक्टरांचं मत आहे. तेही एकदम नाही, बँडभोवती जो जाड पडदा तयार झालेला असतो तो बसायला काही महिने द्यायचे. हो, आता हे सगळं इंदुरातच होतं, अवंतिका सुटली.

देवासहून आलेला फोन माझ्या चुलत नणंदेचा होता. तिची मुलगी २८ वर्षांची, १०४ किलो, नुकतीच साखर निघाली आहे, आणि तिनं स्लीव्ह करायचं ठरवलंय. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, तो परत येत नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही तिला समजवा ना, तुम्हाला एवढा त्रास झाला, तुमचं ती ऐकेल." मुलगी येऊन भेटली. दोन तास बसली. वही आणली होती, प्रश्न लिहून. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का, बाळंतपण किती दिवसांनी, लग्नाच्या पंगतीत काय सांगायचं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी तिला डॉक्टरांकडेच पाठवलं, बी-१२ आणि लोह याबद्दल नीट विचारून घे म्हटलं. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे होतं: पानावर बसायच्या आधी यजमानीणबाईला स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं, नंतर नाही. मी तिला करू नको असं म्हटलं नाही.

नणंदेला संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, तारीख मिळाली की त्याच्या आधीचे दोन आठवडे तुझ्या घरात तळण काढू नकोस, आणि ती कोशिंबिरीची वाटी शोधून ठेव. ती जरा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, मुगाच्या कढणात आलं चालतं का?

चालतं. किसून, गाळून.