दाखल होण्याआधीचे तीन दिवस

"रात्रीच एकदम वाढलं, डॉक्टरसाहेब." धापा टाकणाऱ्या माणसाला ऑक्सिजन लावला जात असताना बाजूला उभे असलेले नातेवाईक मला बहुधा हेच सांगतात. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून माझा पुढचा प्रश्न मात्र रात्रीचा नसतो. परवा काय केलंत? तेरवा कुठे होतात? पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, पेटवल्या? कापसाच्या ढिगाशेजारी झोपलात? उत्तर बरेचदा तिथे सापडतं.

यामागे शरीराचा हिशोब आहे. अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट द्रवाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या रक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात, त्यात थकतात आणि जंतूंशी लढायला कमी पडतात. श्वासनलिकेचं अस्तर सुजतं, कफ वाढतो, वाट अरुंद होते. हे घडायला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. म्हणून हवा आणि रुग्णालयातली भरती यांचा संबंध तपासणारे अभ्यासक दाखल झालेल्या दिवसाबरोबर त्याआधीच्या दिवसांची हवाही मोजतात.

आमचं मावला गाव तेलंगणातल्या आदिलाबाद शहराला लागून आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात ते स्वतंत्र मंडल झालं. गावाजवळून ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. धुरासाठी एकाच मोठ्या धुराड्याकडे बोट दाखवावं, अशी इथली स्थिती नाही. ट्रकांचा धूर, रस्त्याची धूळ, जळता कचरा, चुलीतली लाकडं आणि वेचणी संपल्यावर शेतात पेटणाऱ्या पऱ्हाट्या यांची भर एकमेकांवर पडते. त्यात आदिलाबादची थंडीही कडक. थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते. मग खालचा धूर वर जातच नाही. तो वस्तीवर साचतो आणि पहाटे फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो.

कापूस या जिल्ह्याचं पोट भरतो, म्हणून त्याच्या धुळीबद्दल बोलणं जड जातं. पण बोललं पाहिजे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना बोंडाच्या वाळल्या पानांचा चुरा आणि त्यावरच्या जंतूंचं विष हवेत उडतं. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत ती सैल वाटते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं असंच चाललं की आवळणं आठवडाभर टिकतं आणि फुप्फुसाची गेलेली ताकद परत येत नाही. पहिल्या टप्प्यावरचा कामगार रुग्णालयात दाखल होत नाही. तो रजाही घेत नाही, कारण त्याची रोजी बुडते.

हवा सुधारली तर खाटा रिकाम्या होतात का? अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात याचं उत्तर मिळालं. तिथला पोलाद कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत कामगारांशी झालेल्या वादामुळे बंद होता. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासून १९९१ मध्ये दाखवलं, की कारखाना चालू असताना शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांचं ब्रॉंकायटिस आणि दम्यासाठी दाखल होणं बंद काळाच्या सुमारे दुप्पट होतं. खोरं तेच होतं आणि वस्तीही तीच. मोठा बदल झाला होता तो हवेत.

आपल्याकडची नोंदवही मात्र जपून वाचावी लागते. दिवाळीत भरतीचे आकडे खाली दिसले तरी हवा चांगली होती असं समजू नये. लक्ष्मीपूजन होऊ द्या, मग भरती करा, असं म्हणणारी घरं असतात. थंडीत फ्लूही येतो, त्यामुळे सगळं खापर धुरावर फोडता येत नाही. चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई खोकला अंगावर काढते आणि ओठ निळे पडेपर्यंत नोंदवहीत येत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. तरीही आपण खोकणाऱ्या बाईला तिच्या इंधनाबद्दल विचारायला विसरतो.

माझं मागणं साधं आहे. श्वासाच्या रुग्णाच्या केसपेपरवर गाव, काम, घरातलं इंधन आणि त्रास सुरू झाल्याची तारीख लिहावी आणि ती नोंद त्या दिवसांच्या हवेच्या मोजमापाशेजारी ठेवावी. चोवीस तासांसाठी बारीक कणांची आपली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. म्हणजे आपल्या नियमात बसणारी हवाही दम्याच्या लेकराला सोसेलच असं नाही. रुग्णांनीही सवय लागेल या भीतीने श्वासातून घ्यायच्या औषधाचा रोजचा पंप बंद करू नये. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचा भुगा करून मातीत मिसळण्याचं यंत्र गावाने मिळून आणावं. जिनिंगमध्ये धूळ खेचणारे पंखे आणि कामगारांच्या फुप्फुसांची ताकद मोजणारी फुंकण्याची तपासणी दरवर्षी व्हावी. दाखल झालेल्याला आम्ही डॉक्टर वाफ आणि ऑक्सिजन देऊ. त्याच्या आधीचे तीन दिवस मात्र गाव, कारखाना आणि सरकार यांच्याच हातात आहेत.