बर्फ आणि माझे ईएमआय

माझ्या होम लोनचा शेवटचा हप्ता 2046 सालचा आहे. त्यामुळे भविष्यातलं कुठलंही साल दिसलं की मी आधी हप्ते मोजते. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालातही तेच केलं. 2050 च्या आत निदान एका सप्टेंबरमध्ये आर्क्टिक समुद्र जवळजवळ बर्फाविना दिसण्याची दाट शक्यता आहे म्हणे. 'जवळजवळ' म्हणजे दहा लाख चौरस किलोमीटरहून कमी बर्फ. 2012 चा नीचांक होता 34 लाखांच्या आसपास.

'पूर्वीही वितळलाच होता की!' ऑफिसात कुणीतरी म्हणतंच. खरंय. सुमारे 1 लाख 27 हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेमुळे उत्तरेला उन्हाळ्यात ऊन जास्त मिळायचं. 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तो काळ कॉम्प्युटर मॉडेलवर चालवून पाहिला, तर उन्हाळ्यात तिथे बर्फच उरेना. कारण काय, तर बर्फावर साचणारी पाण्याची डबकी! पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. डबकं ते शोषून घेतं आणि भोवतालचा बर्फ आणखी वितळवतं. सगळी मॉडेल्स अर्थात इतक्या टोकाला जात नाहीत.

पण तेव्हा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दर दहा लाख भागांत 275 च्या आसपास होता, आज 420 च्या वर आहे. तेव्हा कक्षा सावकाश बदलली, ऊन उतरलं, बर्फ परतला. आता ऊन वाढलेलंच नाही, तर उतरणार काय? एक मात्र बरं, हवा थंडावली तर समुद्रावरचा बर्फ काही वर्षांत, फार तर काही दशकांत पुन्हा धरतो. ग्रीनलंडच्या जमिनीवरच्या बर्फाचं तसं नाही.