मुखवट्यांची पेटी

फेब्रुवारीत आम्ही सासूबाईंना घेऊन नणंदेकडे टोकियोला गेलो होतो. त्यांचे वय ८१. विसरभोळेपणा वाढत चालला होता आणि त्यांची प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारणे हे मी माझे कर्तव्य मानू लागले होते. त्याच काळजीपोटी आदल्या भाद्रपदात गौरींच्या मुखवट्यांची पेटी मी त्यांच्या हातून काढून घेतली होती.

एका रविवारी नणंदेने आम्हाला इबाराकी प्रांतातील माकाबे या जुन्या गावी नेले. ३ मार्च हा जपानमध्ये मुलींच्या कल्याणासाठी साजरा होणारा बाहुल्यांचा सण, हिनामात्सुरी. लाल कापडाने मढवलेल्या पायऱ्यांवर सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्याखाली तीन दासी, मग पाच गायक-वादक. पूर्ण मांडणी ७ पायऱ्यांची आणि १५ बाहुल्यांची. माकाबेत ४ फेब्रुवारीपासून सणापर्यंत दुकानदार आणि रहिवासी आपल्या घरच्या बाहुल्या दर्शनी भागात मांडतात. कडाक्याच्या थंडीत येणाऱ्या पाहुण्यांचे आतिथ्य व्हावे, म्हणून २००३ साली गावकऱ्यांनीच हा उपक्रम सुरू केला.

आम्ही सारे गाव पाहण्याचा हट्ट धरला नाही. सासूबाईंना गरम कपडे घातले, घडीची खुर्ची सोबत घेतली आणि चारच घरे पाहायची असे ठरवले. दोन घरांच्या मध्ये विसावा घेत आम्ही चालत होतो.

तिसऱ्या घरी सासूबाई बराच वेळ बाहुल्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुखवटे छान उजळलेत गं. हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलावलंस?"

"आई, या गौरी नाहीत," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांच्याच वयाच्या घरमालकिणीने त्यांना बसायला उशी दिली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. सण संपला की बाहुल्यांचे चेहरे मऊ कागदात गुंडाळून ठेवतात, हे त्या बाईंनी एक कागद हाती घेऊन खुणेने दाखवले. त्या आवरायला उशीर झाला तर मुलीचे लग्न लांबते, अशी तिकडे समजूत आहे, असे नणंदेने सांगितले. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला, मांडीवर पसरला आणि मुखवट्यासाठी मलमल घालावी तशी त्याची नेमकी घडी घातली. सकाळी स्वेटरची बटणे न जुळलेली तीच बोटे क्षणभरही अडखळली नाहीत. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

"सगळ्यांना बोलावलंय, आई," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांना त्यातले काहीच आठवत नव्हते. मला वाईट वाटले. मात्र त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत, जेवल्याही समाधानाने. दिवस लक्षात राहिला नाही, म्हणून तो वाया गेला असे म्हणता येत नाही, एवढे मला तेव्हा उमगले.

पुढच्या भाद्रपदात मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. मलमल सोडवायला त्यांना अर्धा तास लागला. मी शेजारी बसून राहिले. त्यांनी थोरलीच्या जागी धाकटी गौर बसवली. विसर्जनापर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.