गाणे संपू नये म्हणून: डान्स रिमिक्सची जन्मकथा 🧵

१/ आवडलेले गाणे संपूच नये, असे प्रत्येक रसिकाला कधी ना कधी वाटते. बहुतेक जण ते पुन्हा लावतात. न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन यांनी मात्र ते लांबवले. ते वादक नव्हते आणि डीजेही नव्हते. #थ्रेड #इतिहास

२/ काळ १९७०च्या दशकाचा आरंभ. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या बेटावर समलिंगी पुरुषांना तुलनेने निर्भयपणे एकत्र नाचता येई. तेथे मोल्टन यांनी पाहिले, की नाचणारे रंगात येतात न येतात तोच गाणे संपते, दुसरे निराळ्याच लयीत सुरू होते आणि माणसे हिरमुसून बाजूला होतात.

३/ दोष तबकडीचा होता. सात इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटेच नीट मावत. बास जितका भारदस्त, तितकी खाच रुंद वळणे घेते. गाणे लांबवावे तर खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज क्षीण होतो.

४/ मोल्टन यांनी घरी बसून ४५ मिनिटांची एक टेप जुळवली. ठेका कोठेही तुटू नये, एवढाच ध्यास होता. त्यांच्या आठवणीनुसार त्यासाठी सुमारे ८० तास लागले. बेटावरील ‘सँडपायपर’मध्ये पहिल्या रात्री ती कोणालाच रुचली नाही. दुसऱ्या रात्री तीच टेप लोकांनी डोक्यावर घेतली.

५/ पुढे त्यांना स्टुडिओची दारे उघडली. डॉन डाउनिंग यांचे ‘ड्रीम वर्ल्ड’ लांबवताना अडचण आली. गाण्याची पट्टी मध्येच चढत होती, त्यामुळे आधीचा भाग पुन्हा जोडणे कानाला खटकले असते. मोल्टन यांनी मधली सुरावट काढून केवळ तालवाद्ये ठेवली. कान आधीची पट्टी विसरला आणि सांधा बेमालूम जुळला. हाच तोडगा पुढे ‘डिस्को ब्रेक’ म्हणून रूढ झाला.

६/ बारा इंची सिंगलही अशीच योगायोगाने जन्मली. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या, तेव्हा तंत्रज्ञ होसे रॉड्रिगेझ यांनी दहा इंची वापरली. खाचा ऐसपैस पसरल्या आणि आवाज दणदणीत झाला. मग पाऊल बारा इंचांकडे वळले. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स यांनी डबल एक्स्पोजरच्या ‘टेन पर्सेंट’चे नऊ मिनिटांहून लांब रूप घडवले. दुकानात विकली गेलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून तेच सामान्यतः ओळखले जाते.

७/ श्रेय एकट्या न्यूयॉर्कचे नव्हे. त्याच सुमारास जमैकात किंग टबी गायकाचा आवाज मागे सारून ताल, बास आणि प्रतिध्वनी यांतून गाण्याला नवे रूप देत होते. तो प्रवाह ‘डब’ म्हणून ओळखला जातो.

८/ १२ जुलै १९७९. शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्कोचा पाया कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजांत होता. म्हणूनच त्या संतापामागे केवळ संगीताची नावड नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात.

९/ त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हे कृष्णवर्णीय, समलिंगी डीजे १९७७ पासून वाजवीत होते. नव्या डिस्को तबकड्या दुर्मिळ होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी जुन्याच गाण्यांची टेप कापून, जोडून, लांबवून ती नव्याने ऐकवली. या वातावरणातून ‘हाउस’ संगीत उभे राहिले. त्याचे नावही ‘वेअरहाउस’वरूनच पडले, असे मानले जाते.

१०/ रिमिक्स करणाऱ्यासाठी ग्रॅमीने स्वतंत्र पुरस्कार सुरू केला आणि १९९८ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. मानकरी होते फ्रँकी नकल्स. ज्या शहरात त्या तबकड्यांच्या ठिकऱ्या उडाल्या, त्याच शहरात त्यांनी त्या जपून, सांधून लोकांना नाचवले होते.

आपल्याला गवसलेला आणि इतरांनाही ऐकवावासा वाटणारा एखादा रिमिक्स असेल, तर खाली जरूर नोंदवा.

(समाप्त)