दर्शनी पडद्यावरची भेट

त्सावतात, ३ ऑक्टोबर
क्रोएशियन चित्रकार व्लाहो बुकोवात्सचं जन्मघर आज सावकाश पाहिलं. दुब्रोवनिकजवळचं हे बंदर, १८५५चा जन्म. पोरवयात त्याने घराच्या भिंतीच रंगवून काढल्या होत्या: प्राणी, पक्षी, झाडी. शिकवायला कोणी नाही, तरी हात थांबत नव्हता.
अकराव्या वर्षी काकाबरोबर न्यूयॉर्कला गेला. काका वारला आणि पोराची रवानगी सुधारगृहात झाली. परत आला, जहाजावर खलाशी झाला. मग पेरूमध्ये रेल्वेच्या डब्यांवर अक्षरं रंगवली, पुढे सान फ्रान्सिस्को. ऐतिहासिक चित्रांचा हा चितारी डब्यांवरच्या अक्षरांतून घडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

४ ऑक्टोबर
दिवसभर पाऊस. १८७६ला तो घरी परतला. कवी मेदो पुत्सिचने त्याला हाताशी धरलं, त्याचं मूळचं फाज्जोनी हे आडनाव बदलून बुकोवात्स केलं. बिशप श्ट्रॉसमायरचाही आधार मिळाला आणि १८७७ला पॅरिसमध्ये चित्रकार काबानेलच्या हाताखाली शिक्षण सुरू झालं.

झाग्रेब, ८ ऑक्टोबर
‘गुंडुलिचचं स्वप्न’ (१८९४) पाहिलं. सतराव्या शतकातला दुब्रोवनिकचा महाकवी झोपलाय आणि त्याच्या ‘ओस्मान’ काव्यातल्या स्त्रिया उजेडातून तरंगत येताहेत. अंगं फिकट, आरपार दिसावीत अशी. जवळ गेलं की नुसते रंगाचे हलके फटकारे, चार पावलं मागे सरलं की माणसं. पॅरिसचा उजेड त्याने इथे आणला, तो असा.

९ ऑक्टोबर
आज बुकोवात्सने रंगवलेल्या इथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या दर्शनी पडद्याचा मोठा छापील फोटो घेऊन बसले. नाट्यगृह १८९५ला सुरू झालं, पडदा त्याच सुमाराचा. खांबांच्या मंडपाखाली गुंडुलिच बसलाय आणि १८३०च्या दशकातले ल्युदेवित गाय वगैरे इलिरियन चळवळीचे, म्हणजे क्रोएशियन भाषा-संस्कृतीच्या जागृतीचे, लोक त्याच्याकडे चालत येताहेत. गुंडुलिच वारला १६३८ला. मध्ये दोनशे वर्षं. ही भेट कधी झालीच नाही.
तरी मी या चित्राला खोटं म्हणणार नाही. ‘ओस्मान’चे चौदावा आणि पंधरावा हे दोन सर्ग नव्हतेच. याच चळवळीतल्या कवी इव्हान माझुरानिचने ते नव्याने लिहिले आणि १८४४ला काव्य पूर्ण होऊन छापलं गेलं. मेलेल्या कवीच्या ओळीला ओळ जोडायची म्हणजे रोज त्याच्या समोर बसावंच लागतं. शिवाय उत्तरेच्या या मंडळींनी प्रमाणभाषा उभी केली तीही दुब्रोवनिकच्या साहित्याचा आधार घेऊन. राज्याभिषेक आणि लढाया रंगवणारे त्या काळी पुष्कळ होते. एका पिढीवर दुसऱ्या पिढीचं असलेलं ऋण रंगवायला बुकोवात्ससारखा दक्षिणेचा माणूसच हवा होता.

११ ऑक्टोबर
कलामंडपावरून चालत गेले. सांगाडा लोखंडी, बुडापेस्टच्या १८९६च्या प्रदर्शनातून आणलेला. तो इथे उभा राहावा म्हणून बुकोवात्स झटला. १८९८ला मंडप उघडला आणि त्याच वर्षी मतभेदांना कंटाळून त्याने झाग्रेब सोडलं. चारपाच वर्षांत इथल्या चित्रकलेचा रंगच पालटणारा माणूस या शहराने जाऊ द्यायला नको होता. १९०३पासून तो प्रागच्या अकादमीत शिकवत होता; झाग्रेबच्या पोरांना मिळायला हवा होता तो गुरू तिथल्या पोरांना मिळाला. १९२२ला तो गेलाही प्रागमध्येच.