पाचवे गाणे

आम्हाला एक जुनी खोड आहे. डिसेंबर संपता संपता टाचणवहीच्या शेवटच्या पानावर आम्ही त्या वर्षी सर्वांत जास्त आवडलेली पाच गाणी लिहून ठेवतो. पुढच्या पानांवर घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य. शेवटच्या पानावर गाणी. मुख्याध्यापकांची सही पुढच्या पानांवर होते, शेवटचे पान कोणी उलटत नाही.

ही खोड अब्बांची. ते जिनिंगमध्ये मुनीम होते. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला की तिथून कव्वालीची एकच कॅसेट आणायची आणि तिच्यावर साल लिहायचे, असा त्यांचा नेम होता. कोणत्या साली पाऊस कमी झाला ते आम्हाला आठवत नाही. कोणत्या साली कोणती कव्वाली वाजली ते आठवते.

घरात सगळ्यांना हे पसंत आहे असे नाही. आमचे दुल्हेभाई गाणेबजावणे बरे मानत नाहीत. माणूस नेक आहे, जे बोलतो ते मनापासून बोलतो. ते आले की अब्बा रेडिओ बंद करतात, ते गेले की चालू करतात. दोघांनाही हे ठाऊक आहे, आणि दोघांनीही त्यावर कधी शब्द काढलेला नाही.

आमची शाळा मानवतला, घर परभणीला. एसटीत जाताना-येताना मिळून रोज दोनेक तास कानाला मोबाईल. २०२४ ची यादी तिथेच तयार होत गेली.

वर्षाची सुरुवातच वाईट बातमीने झाली. ९ जानेवारीला उस्ताद राशिद खान गेले. वय अवघे ५५. फेब्रुवारीत पंकज उधासही गेले. राशिद खान यांना आमच्या वर्गातली पोरे ओळखतात ती 'जब वी मेट' या सिनेमातल्या गाण्यामुळे. आम्हीही त्यांना तिथूनच ओळखले आणि मग त्यांच्या ख्यालापर्यंत पोहोचलो. त्या आठवड्यात रोज त्यांचा एकच मारवा ऐकला. यादीत पहिला नंबर त्याचा. रेकॉर्ड जुनी, पण आमच्यासाठी ती त्याच वर्षीची.

दुसरा नंबर 'शक्ती'च्या 'दिस मोमेंट' या अल्बमचा. अल्बम २०२३ चा. ४ फेब्रुवारी २०२४ ला त्याला ग्रॅमी मिळाले. झाकिर हुसेन यांना त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले. आम्ही स्टाफरूममध्ये ही बातमी अशा थाटात सांगितली, जणू एक आमच्याच शाळेला मिळाले.

तिसरा नंबर लिहिताना थोडी लाज वाटली, पण खोटे कशाला लिहा? 'गुलाबी साडी'. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे हे गाणे त्या वर्षी लग्नाच्या वरातीत, रिक्षात, चहाच्या टपरीवर सगळीकडे होते. उर्दू शाळेतल्या ज्या मुलांना मराठीचा धडा वाचताना घाम फुटतो, त्यांना हे गाणे तोंडपाठ. आमच्या मराठीच्या तासापेक्षा त्याने जास्त काम केले.

चौथा नंबर नुसरत फतेह अली खान यांचा. खानसाहेब १९९७ साली गेले. १९९० मध्ये इंग्लंडच्या एका स्टुडिओत त्यांनी गायलेल्या चार कव्वाल्यांची टेप कोठारात पडून राहिली होती. ती २० सप्टेंबर २०२४ ला 'चेन ऑफ लाइट' या नावाने बाहेर आली. आम्ही ती अब्बांना ऐकवली. अब्बांना आता कमी ऐकू येते; मोबाईल त्यांनी थेट कानाशीच धरला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ये आदमी तो गुजर गए ना?"

"हो अब्बा. पर ये नव्वद का है."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "नव्वद में तू दो साल का था. सोते में भी हाथ-पाँव मारता था." आणि पुन्हा मोबाईल कानाला लावला.

पाचवा नंबर मात्र रिकामा राहिला. त्याचे कारण सांगायचे म्हणजे आमचीच एक चूक सांगावी लागते.

जुलै महिना होता. पाचवीचा वर्ग सातचा पाढा म्हणत होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पाढा म्हणत नव्हता, बाक वाजवत होता. दोनदा दटावले. तिसऱ्यांदा आम्ही लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या बोटांवर मारली. बी.एड.ला आम्ही शारीरिक शिक्षेच्या दुष्परिणामांवर चांगले दोन पाने उत्तर लिहिले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शिक्षेवर बंदी घातली आहे, हेही पाठ होते. तरी पट्टी उठली.

मुलगा रडला नाही. एवढेच म्हणाला, "सर, मैं नै बजाया. हाथ बजाए." वर्ग हसला. त्यानंतर त्याची बोटे बाकावर कधी दिसली नाहीत. वर्गात शांतता झाली आणि आम्ही ती शिस्त समजून खूश राहिलो.

मग डिसेंबर आला. १० तारखेला परभणीत स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच तारखेला सातासमुद्रापार झाकिर हुसेन गेले. आमच्या भागात भीमगीतेही कव्वालीच्या ठेक्यावर गातात. लहानपणापासून एकाच गल्लीत दोन्ही ऐकत आम्ही वाढलो. त्या आठवड्यात कुठलाच ठेका ऐकवेना.

टीव्हीवर एकीकडे शहराच्या बातम्या, दुसरीकडे झाकिरभाईंचे हात. ती बोटे पाहता पाहता आम्हाला दुसरी बोटे आठवली. आणि एक गोष्ट मनात आली, ती अजून गेलेली नाही. दुसऱ्याच्या ताब्यातल्या माणसाबद्दल आम्ही चार लोकांत तावातावाने बोलत होतो. वर्गातली चाळीस पोरेही रोज सहा तास आमच्याच ताब्यात असतात. तुलना मोठी आहे, पण पट्टी धरणारा हात आमचा होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलावले. तो भीतभीत आला. आम्ही म्हणालो, "बेटा, माफ कर. मारना नहीं था." तो जमिनीकडे बघत राहिला. मग विचारले, "वो क्या बजा रहा था?" बराच वेळ गप्प राहून त्याने बाकावर वाजवून दाखवले. तीन, दोन, दोन. सात मात्रा. शुद्ध रूपक! वर्ग सातचा पाढा म्हणत होता आणि हा पोरगा सातच मोजत होता. कुठे शिकलास म्हणून विचारले, तर म्हणाला, "दादा रूई पिंजते थे ना." त्याचे दादा पिंजारी. त्या पिंजणाच्या तातीतून त्याच्या बोटांत काय काय उतरले, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असते?

२६ जानेवारी २०२५ ला मुले तराना म्हणणार होती. आम्ही साथीला तबला सुचवला. दोन-तीन पालकांनी हरकत घेतली, शाळेत वाद्य नको. मुख्याध्यापक अडचणीत आले. शेवटी आम्ही म्हणालो, "तबला नको. बाक तर शाळेचाच आहे." पालकही हसले. पाचवीचा एक बाक पटांगणात आणला. त्या सकाळी मुले गायली आणि बाक वाजला. मागे उभ्या असलेल्या दादांची मान ठेक्यावर हलत होती. हरकत घेणाऱ्यांपैकी एकाचा पायही हलत होता. आम्ही दुसरीकडे पाहिले.

संध्याकाळी टाचणवही काढली. साल उलटले होते, तरी २०२४ च्या पानावर पाचव्या नंबरापुढे लिहिले: 'सातचा पाढा, बाकावर. जुलै.' त्या वर्षी हे गाणे आम्ही ऐकले होते, फक्त ऐकून घेतले नव्हते.

पट्टी आता कपाटात आहे. फळ्यावर सरळ रेघ मारायची असली की काढतो.