खाडाखोड

भारतात राज्यं किती, या प्रश्नाचं उत्तर माझ्या हयातीत तीनदा बदललं. शाळेत पाठ केलं तेव्हा ती 25 होती. 30 मे 1987 ला घटक राज्य झालेलं गोवा पंचविसावं. 2000 च्या नोव्हेंबरात पंधरवड्याच्या आत छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाली आणि आकडा 28 वर गेला. 2 जून 2014 ला तेलंगणा आलं, 29. 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीरचं राज्यपण जाऊन दोन केंद्रशासित प्रदेश झाले, परत 28. त्याच दिवशी केंद्रशासित प्रदेश साताचे नऊ झाले आणि 26 जानेवारी 2020 ला दादरा-नगर हवेली नि दमण-दीव एकत्र आल्यावर आठ. चालू घडामोडींच्या माझ्या वहीत या एका ओळीवर खोडून खोडून कागद पातळ झालाय. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मी केव्हाच धाकट्या भावंडांना वाटून टाकली. वह्या मात्र ठेवल्या.

वहीची सवय अण्णांची. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, औसा तालुक्यात. पेपर लातूरहून एसटीने यायचा. कंडक्टर फाट्यावर गठ्ठा उतरवायचा आणि शाळेचा अंक अण्णांच्या हातात पडेपर्यंत दुपार व्हायची. सकाळी रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐकून ठेवायच्या, दुपारी पेपरात त्या शोधायच्या आणि रात्री त्यातल्या दोन-तीन वहीत उतरवायच्या, असा त्यांचा क्रम. मला हा क्रम ऐकून ऐकूनच लागला. तीन नवी राज्यं झाली तेव्हा शाळेतला नकाशा अर्थातच जुना होता. कापडी पाठीचा, वर-खाली लाकडी रूळ असलेला. नवा नकाशा कधी येईल याचा भरवसा नव्हता. अण्णांनी पेपरात छापून आलेला तळहाताएवढा नकाशा समोर धरला, मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि तांबड्या शाईने मध्य प्रदेशाच्या पोटातून छत्तीसगडची सीमा काढायला बसले. मी चटकन पट्टी पुढे केली. ते म्हणाले, “पट्टी नको. सीमा कधी सरळ नसते. नदी बघ, डोंगर बघ, मग हात फिरव.” झारखंडपाशी हात जास्त वेळ थांबला, कारण छोट्या नकाशात तिथं शाई फुटली होती. पुढे कितीतरी वर्षं त्या शाळेतली मुलं त्याच तांबड्या रेघांवर भूगोल शिकली.

आमच्या भागाला एकदा आपणच देशाची बातमी व्हावं लागलं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या थोडं आधी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा झोपले होते. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. मी अगदी लहान होते. लक्षात राहिलंय ते इतकंच, की त्यानंतर खूप दिवस कुणी छपराखाली झोपत नव्हतं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, हिला भूकंपाचं भय कमी, असं मानलं जायचं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं माळवद, हे आमच्याकडचं उन्हाळ्यात गार राहणारं घरच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं. पुढे पुण्यात एका सराव परीक्षेत प्रश्न आला: किल्लारी भूकंप कोणत्या वर्षी झाला? चार पर्याय. शेजारी बसलेल्या पोराने झटक्यात गोल काळा केला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझा हात तेवढा थांबला. त्या दिवशी घरी जाऊन वहीत त्या वर्षापुढे मी बाण काढला: 1993 किल्लारी, 2001 भूज, 2004 ची त्सुनामी, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. कायद्याची कलमं पाठ करताना आमच्या गल्लीतल्या माणसांचे चेहरे समोर यायचे, आणि ती कलमं मला कधी विसरली नाहीत.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी राहिले तो काळ 2011 ते 2014 चा. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट, कप्प्याच्या आत चिकटवलेलं वेळापत्रक. बाहेर लाकडी उतारावर पेपर सुतळीने बांधलेले असायचे, कारण संपादकीय पान हमखास कुणीतरी फाडून न्यायचं. दुपारी मेसचं जेवण झालं की टपरीवर चहा आणि चहाबरोबर चर्चा: अन्नसुरक्षेचा कायदा, लोकपाल, तेलंगणा, मंगळयान. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं होती सगळी. कुणाचा बाप ऊसतोड मुकादमाकडे, कुणाची आई अंगणवाडीत. त्यांच्या तोंडी राज्यसभेतलं संख्याबळ आणि रिझर्व्ह बँकेचा रेपो दर इतक्या सहज असायचा, की मला त्याचा फार अभिमान वाटायचा. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत शंभरातले पंधराच्या आसपास प्रश्न थेट चालू घडामोडींचे. पण दिवसाचे दोन-तीन तास आम्ही त्यांना द्यायचो, कारण राज्यघटना असो, अर्थव्यवस्था असो, पर्यावरण असो, प्रश्न काढणारा शेवटी त्या वर्षीचा पेपर वाचूनच बसलेला असतो. ‘योजना’ आणि ‘लोकराज्य’ वर्गणी काढून घ्यायचो. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी येते. तिची झेरॉक्स मिळवण्यासाठी दुकानासमोर रांग लागायची.

जनगणनेचे आकडे त्याच काळात आले. मार्च 2011 मध्ये हंगामी आकडे जाहीर झाले: दर हजार पुरुषांमागे देशात 940 स्त्रिया, महाराष्ट्रात 925. दोन वर्षांनी अंतिम आकडे आले तेव्हा 940 चे 943 झाले, 925 चे 929. वहीत परत खाडाखोड. अभ्यासिकेत यावर नेहमी एकच तक्रार ऐकू यायची, की पाठांतर वाया गेलं. मला मात्र खालची ओळ सोडवत नव्हती. शून्य ते सहा वयोगटात बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 807 मुली, राज्यात सर्वांत कमी. बीड आम्हाला लागूनच. माझ्या मामांचं गाव त्या जिल्ह्यात आणि त्या गावची शाळा मी पाहिलेली. त्या शाळेतल्या रिकाम्या जागा या 807 मध्ये मोजलेल्या आहेत, हे मला त्या रात्री ट्यूबलाइटखाली पहिल्यांदा कळलं. आकडा पाठ झाला तो तेव्हाच. 2021 ची जनगणना झाली नाही, आता ती 2027 मध्ये होणार आहे. त्यामुळे आजही नवी मुलं 2011 चेच आकडे घोकतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल, की तेव्हा मोजलेल्या त्या सहा वर्षांच्या आतल्या मुली आता त्यांच्याच शेजारच्या कप्प्यात बसून अभ्यास करताहेत?

पण वहीचं माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं पान रोजगार हमीचं. त्या पानावर असं आहे: महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, 2005. 2 फेब्रुवारी 2006, बंडलापल्ली, अनंतपूर जिल्हा, आंध्र प्रदेश. वर्षाला 100 दिवस. मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता. झाल्या कामाची मजुरी 15 दिवसांत. खाली मूळ: महाराष्ट्र, वि. स. पागे, 1965 मध्ये तासगाव तालुक्यात पहिला प्रयोग, 1972 चा दुष्काळ, 1977 चा कायदा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. दिवाळीच्या सुट्टीत गावी हे मोठ्यानं म्हणत बसले होते. आजी पलीकडे शेंगा फोडत होती. ‘बहात्तर’ कानावर पडल्याबरोबर तिनं हात थांबवले.

“काय वाचू लागलीस गं?”

मी सांगितलं.

“म्या फोडलीय की खडी. निलंग्याच्या रस्त्याला. तुझा बाप पाठीला बांधलेला असायचा. सुकडी मिळायची दुपारी.”

मग तिनं आतून एक लहान हातोडी आणून दाखवली, दांडा झिजून काळा झालेला. खडीचं माप कसं असायचं, मुकादम पेटी कशी भरून घ्यायचा, पेटी खाली वाजवली की खडी कशी बसायची आणि परत भरावी लागायची, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. मी विचारलं, हा कायदा कुणी केला ठाऊक आहे का? ती म्हणाली, “आमी मागितलं म्हणून केला.” माझ्या पानावर पागे होते, वर्षं होती, शहरातल्या पगारदारांवर 1975 मध्ये बसवलेला व्यवसाय कर होता, ज्यातून या कामांना पैसा आला. मागणारे नव्हते. पागेंचा मोठेपणा यात तसूभरही कमी होत नाही. विधान परिषदेच्या सभापतिपदी असलेल्या माणसाने खेड्यातल्या मजुराला काम मागण्याचा हक्क असावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, हे मला आजही थोर वाटतं. पण महाराष्ट्रात जे आधी झालं ते तीन दशकांनी देशाचं झालं, आणि त्याच्या तळाशी माझ्या आजीची हातोडी होती, हे मला कुठल्याच मासिकाने सांगितलं नसतं.

पुढे पंचायत समितीत नोकरी लागली आणि ते पान टेबलावर येऊन बसलं. जॉबकार्ड, हजेरीपट, ग्राम रोजगार सेवक, सिंचन विहिरी, शेततळी. पहिल्या आठवड्यातच एका पाणंद रस्त्याच्या कामावर गेले. मोजणीच्या टेपचं एक टोक धरून उभी असलेली बाई मला म्हणाली, “मॅडम, मागल्या कामाचे पैसे खात्यावर पडले न्हाईत.” पंधरा दिवस हे उत्तर मी किती वेळा लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. ते पंधरा दिवस कुठं कुठं अडकतात, कुणाच्या आधार जोडणीत, कुणाच्या राहून गेलेल्या सहीत, हे शोधणं हेच मग माझं काम झालं. अभ्यासाने एवढं दिलं होतं, की त्या बाईचं मागणं ही विनवणी नाही, कायद्यातलं तिचं येणं आहे, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस 125. रात्री घरी येऊन वहीत 100 वर रेघ मारली. ही रेघ मारायला बाकीच्या सगळ्या रेघांपेक्षा जास्त वेळ लागला.

आता मोबाइलवर रोज सकाळी पीडीएफ येते. दिवसाच्या बातम्या, वीस ओळींत. मुलं ती वाचतात, ग्रुपवर पुढे टाकतात आणि अभ्यास झाला असं मानतात. मला याचा मनापासून त्रास होतो. ‘महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ: नांदूर मध्यमेश्वर, 2020’ अशी एक ओळ घ्या. रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राकाठचं शहर, तिथं 1971 मध्ये पाणथळ जागांचा करार झाला, हे त्या ओळीत नाही. नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरीवरचा बंधारा, कादवेच्या संगमापाशी. गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं आणि पक्षी यायला लागले, हेही नाही. आणि ज्या बंधाऱ्यातून वैजापूर-गंगापूरकडे कालवा निघतो तो हाच, आमच्या मराठवाड्याला हे नाव पक्ष्यांच्या आधी पाण्यासाठी ठाऊक आहे, हे तर नाहीच नाही. एका नावात करार, भूगोल, पक्षी आणि दोन विभागांचं पाण्यावरून चाललेलं भांडण आहे. विधानं देऊन त्यातलं बरोबर कोणतं असं विचारणारे प्रश्न हल्ली जास्त असतात आणि त्यात ओळी पाठ केलेली मुलं अडतात. पण मार्कांची गोष्ट बाजूला ठेवू. गावातल्या पोराला पंचविशीत रोज देशाचा पेपर वाचायला लावणारी दुसरी कुठलीही व्यवस्था आपल्याकडे नाही. ज्यांची निवड होत नाही, आणि बहुतेकांची होत नाही, त्यांच्याकडे या वर्षांतलं एवढंच उरतं. ते वीस ओळींवर भागवलं तर त्यांच्या हाती काय राहणार?

ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहात आम्ही अभ्यासिका सुरू केली आहे. रविवारी मी तिथं जाते. मुलांना मी पेपर एकच वाचायला सांगते, पण हाताने लिहून काढायला लावते, आणि खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. येत्या रविवारी नवा रोजगार कायदा घ्यायचा आहे. जुना कायदा, नवा कायदा आणि आर्थिक पाहणीतलं रोजगार हमीचं पान, तिन्हींच्या प्रती मी काढल्या आहेत. त्यांना काम दिलंय, की येताना आपल्या गल्लीतल्या सत्तरीपुढच्या एका तरी माणसाला बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होतात ते विचारून, लिहून आणायचं. दोन मुलींनी आधीच फोन करून विचारलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल का. मी म्हटलं, करा, पण लिहूनही आणा.